जाळ्याचे मणी: ओतताना बिघडतं कुठे, सुधारायचं कसं

माकणीच्या धरणात, म्हणजे निम्न तेरणा प्रकल्पाच्या पाण्यात, फेकजाळं टाकणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. जाळं हवेत कितीही गोल उघडलं तरी मासा हाती लागणं घेराच्या दोरीवर असतं. सगळा घेर एकदम तळाला बसला तर कटला, रोहू आत राहतो. एखादी बाजू क्षणभर मागे राहिली की तेवढ्या फटीतून तो निघून जातो. ती बाजू का मागे राहिली हे शोधायला जाळं चाचपत बसण्याआधी त्या बाजूचे मणी सोडवून काट्यावर ठेवून बघावेत. कुठला आतून पोकळ निघतो, कुठल्याच्या कडेला पातळ पंख सुटलेला असतो आणि तो शेजारच्या दोऱ्यात अडकून बसलेला असतो, कुठला दाबताना तडकून अर्धाच उरलेला असतो.

मध्यम आकाराच्या जाळ्याला तीन-चार किलो शिसं सहज लागतं. बाजारचे तयार मणी महाग पडतात म्हणून पुष्कळ जण घरीच शिसं वितळवून ओततात. हे काम दिसतं सोपं: डबा, चूल, साचा. पण घरच्या ओतकामातले बहुतेक बिघाड दोन-तीन कारणांपाशीच येऊन थांबतात आणि ती कारणं मण्याच्या अंगावर स्पष्ट उमटलेली असतात. मणी वाचता आला तर पुढचा घाणा सुधारतो. हा लेख ते वाचन शिकवण्यासाठी आहे. पण त्याच्या आधी धातूबद्दल बोलावं लागेल, कारण माणसं जिवाला मुकतात ती तिथे. साच्यातली चूक फार तर एक मणी घालवते.

शिसं आणायचं कुठून

पहिली आणि न मोडण्याची अट: गाडीची, इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरी फोडायची नाही. एकसुद्धा नाही. बॅटरीच्या आत आपल्याला हवं तसं धातूचं शिसं थोडं असतं. बाकी बराचसा भाग शिशाच्या ऑक्साइडचा आणि सल्फेटचा लगदा असतो, तोही गंधकाच्या तेजाबात भिजलेला. तो वाळला की पिठासारखा उडतो, अंगणात बसतो आणि रांगणाऱ्या लेकराच्या हातावरून त्याच्या तोंडात जातो.

याचं उदाहरण मासेमारांच्याच वस्तीतलं आहे. आफ्रिकेत सेनेगल देशाच्या डाकार शहरालगत थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथले लोहार कित्येक वर्षं जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं काढून जाळ्यांची वजनं ओतत होते. पुढे शिशाचा भाव चढला, तेव्हा वस्तीतल्या बायका त्या जागेची वाळू चाळून, घरी आणून, त्यातलं शिसं वेचून विकू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली अठरा लहान मुलं दगावली. सुरुवातीला कुणालाच कारण कळलं नाही. नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासात मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या रक्तात शिशाचं प्रमाण भयानक वाढलेलं आढळलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आफ्रिका राहत नाही. जाळं विणणारा बाप, अंगण झाडणारी आई, ओट्यावर खेळणारं पोर, हे सगळं आपल्याकडचंच दिसतं.

आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्याकडे जायला हवी. नवी घेताना जुनी परत दिली की दुकानदार पैसे वजा करून देतो. त्या पैशांत मण्यांचं तयार शिसं घ्यावं, हिशोब फारसा बिघडत नाही.

मग चालतं काय? जुन्या टेलिफोन केबलचं आवरण हे बऱ्यापैकी मऊ, चांगलं शिसं असतं. जुन्या नळाचे तुकडे, शिशाचा पत्रा चालतो. भंगारवाल्याकडून घेताना माल कुठला ते विचारावं आणि पावती घ्यावी, कारण चोरीची केबल भंगारात येते आणि भोगावं घेणाऱ्याला लागतं. टायरच्या दुकानात चाकाच्या तोलाची छोटी वजनं मिळतात. ती पूर्वी शिशाची असत. आता त्यांत जस्ताची आणि लोखंडाची मिसळ असते, म्हणून एकेक तपासूनच घ्यावीत. नखाने ओरखडा उठतो आणि कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटते ते शिसं. फरशीवर टाकल्यावर खणखणतं, नखाला दाद देत नाही ते जस्त. लोहचुंबकाला चिकटतं ते लोखंड, हे सांगायला नको.

जुने छापखाने बंद पडले तेव्हा अक्षरं छापायचे शिशाचे खिळे भंगारात गेले. अजूनही कुठेकुठे ते मिळतात. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरी खिळे ओतण्याची कला किती उंचीला नेली होती हे जुनी पुस्तकं उघडली की कळतं, त्यामुळे खिळा वितळवताना माझा जीव थोडा खालीवर होतो. पण भावनेपेक्षा मोठी अडचण धातूची आहे. खिळ्याच्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं. अक्षराची कड झिजू नये म्हणून तो मुद्दाम कडक केलेला असतो. जाळ्याला नेमकं उलटं हवं. मणी दोरीवर दाबून बसवायचा असतो, म्हणून तो मऊ हवा. निव्वळ खिळ्यांचा मणी पकडीत धरला की तडकतो. वापरायचेच असतील तर मऊ शिशात चिमूटभर, तेही फक्त आरपार भोकाच्या मण्यांसाठी.

शिसं ओतायची विद्या तेरणेकाठी नवी नाही. नदीच्या वरच्या अंगाला तेर आहे, प्राचीन तगर. सातवाहनांच्या काळातली ती मोठी पेठ. सातवाहन राजांनी शिशाचीही नाणी काढली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात तगरहून भडोचला कापड जात असल्याचं लिहिलं आहे आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात शिशाचं नाव आहे. म्हणजे हा मऊ, जड धातू तेव्हाही लांबून येत होता आणि इथल्या व्यवहाराला लागत होता. तेव्हाच्या ओताऱ्यांना त्याचं विष माहीत होतं की नाही कोण जाणे. आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आपल्याला सबब नाही.

भांडं, जागा आणि पाण्याचा थेंब

शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. ओतकामाला ते त्याहून थोडं जास्त, साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान तापवावं. एवढ्या उष्णतेला भांडं टिकलं पाहिजे. जाड लोखंडी कढई किंवा ओतीव लोखंडाची मूस घ्यावी. जर्मनचं पातेलं कधीही नको: त्याचा पातळ पत्रा तापून मऊ होतो, आणि शिसं पाण्याच्या अकरा पट जड असतं. दोन लिटरच्या पातेल्यात वीस-बावीस किलो वजन मावतं. ते तापलेलं पातेलं उचलताना बूड सुटलं तर काय होईल याचा विचार करावा. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको, कारण तो मुलामा शिशात उतरतो आणि सगळा घाणा खराब करतो. डाग दिलेल्या जोडाचे डबे तर मुळीच नकोत. डागाचा धातू शिशाच्या आधीच वितळतो आणि जोड उकलतो.

ज्या भांड्यात शिसं एकदा वितळलं ते पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. ज्या चुलीवर भाकरी होते ती चूल नको, घरातला गॅस नको. घरापासून, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब, उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं बसावं. मुलं आणि गरोदर बाई त्या बाजूला फिरकू नयेत एवढं पाहायला एक माणूस वेगळा ठेवावा.

आता पाणी. घरच्या ओतकामातला सगळ्यात वाईट अपघात धुराने होत नाही, पाण्याने होतो. तापलेल्या शिशाच्या पोटात थेंबभर पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सतराशेपट जागा मागते. वर शिसं असतं, ते उडतं. तोंडावर, हातावर, डोळ्यांत. ओला तुकडा, ओली पळी, कपाळावरून निथळलेला घाम, पावसाळी हवेत दव बसलेला साचा, यातलं काहीही पुरतं. म्हणून भंगार आधी धुवावं, मग दोन दिवस उन्हात वाळवावं. सगळं शिसं थंड भांड्यातच भरावं आणि मग जाळ लावावा. वितळलेल्यात पुन्हा भर घालायची वेळ आली तर तुकडा आधी भांड्याच्या कडेवर ठेवून तापवावा. पळीसुद्धा तशीच तापवून मग बुडवावी. बंद नळीचे तुकडे सरळ टाकू नयेत. आधी फोडून उघडे करावेत, कारण नळीत ओल दडलेली असते. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती कपडा, पायात बंद बूट, हातात चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. चपलेवर हे काम होत नाही. नायलॉनचा कपडा अंगाला चिकटतो, तो नको.

मृगाच्या पावसाच्या तोंडावर घाईने मणी ओतायला बसणारे पुष्कळ असतात. त्यांनी उन्हाळ्यातच हे काम उरकावं. हवा कोरडी असते, साचे कोरडे राहतात, आणि जाळी तशीही दुरुस्तीला काढलेलीच असतात.

मणी वाचायला शिकणं

पहिले चार-पाच मणी नेहमी खराब येतात. ते थंड साच्याचे असतात. ते तसेच परत भांड्यात टाकावेत, त्यांच्यावरून काही ठरवू नये. सहाव्यापासून बघायला लागावं.

मण्याच्या अंगावर सुरकुत्या आहेत, जणू थंड झालेल्या दुधावरची साय? साचा थंड आहे किंवा शिसं कमी तापलंय. पळीतून साच्यात जाईपर्यंतच त्याचा वरचा पदर गोठतो आणि पुढचा धातू त्याला घड्या पाडत जातो. उपाय सोपा: साचा चुलीच्या कडेला ठेवून तापवावा, पळी साच्याजवळ आणावी, धार तुटू देऊ नये. तरीही सुरकुत्या राहिल्या तर साच्याला तेल लागलंय का बघावं. लेथवाल्याकडून नवा साचा आणला की त्यावर कापताना वापरलेलं तेल असतंच. ते साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, मग साचा तापवावा. त्यानंतर दिव्याची काजळी अगदी हलकी धरावी. काजळीचा पातळ, कोरडा थर धातू सरकायला मदत करतो आणि मणी साच्यातून सहज सुटतो. जाड काजळी मात्र अंगावर डाग पाडते.

उलट प्रकार असा: मणी भरलेला आहे, कडा नीट आहेत, पण अंग चकाकत नाही, भुरकट, दाणेदार दिसतं. साचा फार तापलाय. धातू सावकाश गोठला म्हणून दाणे मोठे झाले. जाळ्याच्या मण्याला याने फारसं बिघडत नाही. घाबरून साचा पाण्यात बुडवणं मात्र फार धोक्याचं. दोन मिनिटं साचा उघडा ठेवून थंड होऊ द्यावा. वर जमलेली मळी बाजूला सारल्यावर शिशाच्या तोंडावर लगेच सोनेरी-निळसर झाक चढू लागली तर जाळ कमी करावा, शिसं गरजेपेक्षा बरंच तापलंय. पाचशे अंशांपर्यंत मोजणारा दांडीचा तापमापक मिळतो. वर्षाला दोन-तीन घाणे काढणाऱ्याने तो घ्यावाच. अंदाजाने काम करणारे जवळजवळ नेहमी जास्तच तापवतात, आणि शिसं जितकं जास्त तापतं तितकी मळी आणि धूर वाढतो.

बाहेरून सुंदर आणि आतून पोकळ हा सगळ्यात फसवा मणी. शिसं गोठताना आक्रसतं, सुमारे साडेतीन टक्के. कडा आधी गोठतात, मधलं शेवटी, आणि तेव्हा भरायला वरून धातू मिळाला नाही तर पोटात खळगा राहतो. ओतायच्या तोंडावर थोडं जास्तीचं शिसं, छोट्या टेकडीसारखं, ठेवलं की मणी गोठताना तेच खाली ओढलं जातं. ती टेकडी मध्ये खचलेली दिसली तर समजावं, तिने तिचं काम केलं. अजिबात खचली नाही आणि मणी हलका भरला, तर तोंड फार अरुंद आहे. ते आधी गोठतंय आणि खालचा मणी उपाशी राहतोय. तोंड थोडं रुंद करून घ्यावं.

पोकळपणा डोळ्यांनी कळत नाही, काट्यावर कळतो. म्हणून सोनाराचा असतो तसा छोटा डिजिटल काटा ठेवावा. हिशोब असा: शिशाचा एक घन सेंटिमीटर ११.३४ ग्रॅम भरतो. पंचवीस मिलिमीटर लांब, आठ मिलिमीटर जाड आणि तीन मिलिमीटर भोकाचा मणी सव्वाबारा ग्रॅमच्या आसपास यायला हवा. अकरा भरला तर वजन दहाव्या भागाने कमी आहे. आता यातली बारीक खूण लक्षात ठेवा, कारण काटा इथे दोन वेगळे आजार ओळखून देतो. दहातले दोन-तीनच मणी हलके असतील तर ते पोकळ आहेत, चूक ओतण्यात आहे. सगळेच सारखे हलके असतील तर चूक धातूत आहे: अँटिमनी, कथील आणि जस्त ही तिन्ही शिशापेक्षा बरीच हलकी आहेत. असं आढळलं तर ओतणं थांबवून भंगाराकडे परत जावं. असे अकरा ग्रॅमचे तीनशे मणी एका जाळ्याला लागले तर सुमारे तीन किलो सातशे ग्रॅमच्या जागी तीन किलो तीनशे ग्रॅमच वजन भरतं, आणि जाळं का तरंगतंय याचं उत्तर पाण्यात शोधत बसावं लागतं.

जस्त शिरल्याची दुसरी खूण भांड्यातच दिसते. एरवी वाहतं राहणारं शिसं लापशीसारखं दाट, गुठळ्यांचं होतं आणि साच्याच्या कोपऱ्यात जात नाही. जस्त ४१९ अंशांना वितळतं. म्हणून चारशेच्या खाली काम केलं तर चुकून आलेला जस्ताचा तुकडा वर तरंगतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. एकदा तापमान वर गेलं आणि तो विरघळला, की घरच्या साधनांनी तो वेगळा होत नाही. तसा घाणा थंड करून भंगारात परत द्यावा. पाच किलो शिसं वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण त्यावर दिवस घालवणं त्याहून महाग पडतं.

मण्याच्या कडेला पातळ पंख सुटतो, तो दोन कारणांनी. साच्याच्या दोन पाळ्यांमध्ये जुन्या शिशाचा कण अडकलाय, किंवा पाळ्या पूर्ण मिटण्याआधी ओतलं गेलं. कण लाकडी काडीने काढावा, चाकूने नाही. साच्याला ओरखडा गेला की तो प्रत्येक मण्यावर उमटतो. पंख असलेला मणी जाळ्याला लावू नये. तो नायलॉनच्या दोऱ्याला धारेसारखा कापत जातो आणि फेकताना बोटालाही. पंख कानशीने घासू नये, कारण कानशीतून पडणारी शिशाची पूड हीच सगळ्यात घातक. कात्रीने किंवा चिमट्याने कापून तुकडा परत भांड्यात टाकावा.

मणी एका टोकाला अपुरा राहत असेल तर आत अडकलेल्या हवेला वाट नाही. दोन पाळ्यांच्या मिलनावर सुईने ओढल्यासारख्या दोन-तीन उथळ रेघा मारून घ्याव्यात. हवा निघते, शिसं निघत नाही. भोकासाठी घातलेली सळई अडकत असेल तर ती टोकाकडे किंचित निमुळती करून घ्यावी, काजळी धरावी, आणि मणी गोठल्याबरोबर, तो पूर्ण थंड व्हायच्या आत, पिळून काढावी. मातीचे साचे वापरणाऱ्यांनी ते भाजूनच घ्यावेत. नुसती उन्हात वाळवलेली माती आतून ओली असते आणि तिच्यात शिसं ओतणं म्हणजे पुन्हा तोच वाफेचा धोका.

वर जमणारी करडी-पिवळी मळी लोक झाऱ्याने काढून कुंपणाला फेकतात. ती शिशाची राख आहे, ऑक्साइड. आधी मेणाचा छोटा खडा टाकून ढवळलं तर त्यातला बराच धातू परत खाली उतरतो. मेण भडकतं, तेव्हा तोंड मागे ठेवावं. उरलेली मळी झाकणाच्या डब्यात भरून, चिठ्ठी लावून ठेवावी आणि शिसं घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याला द्यावी. उकिरड्यावर गेली तर तीच शेणखतातून रानात आणि कोंबडीच्या चोचीतून घरात येते.

हात, तंबाखू आणि रक्त

चारशे अंशांच्या आत शिशाची वाफ फार कमी होते. शरीरात ते जातं मुख्यतः मळीच्या पुडीतून आणि हातावरून. आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळायची सवय आहे. मणी ओतलेल्या किंवा नुसते जाळ्याला लावलेल्या हाताने चुना-तंबाखू मळून ओठात धरला, तर शिसं शरीरात पोचवायला याहून सोपी वाट नाही. दुसरी सवय मणी दातांनी दाबून बसवण्याची. ती आजपासून सोडावी. पकड शंभर-दीडशे रुपयांना मिळते.

काम झालं की हात साबणाने, नखांसकट, धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नये. ते कपडे वेगळे धुवावेत, लेकराला उचलून घ्यायच्या आधी बदलावेत. जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. झाडलं की पूड उडते. फडकं पिशवीत बांधून मळीच्या डब्यासोबत द्यावं. मणी मुलांच्या हाताशी ठेवू नयेत, ते गोटीसारखे दिसतात आणि गिळले जातात.

शिशाचा त्रास सावकाश येतो आणि दुसऱ्याच आजाराच्या रूपाने येतो. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, रक्त कमी होणं, मोठ्यांमध्ये मनगटाची शक्ती जाणं. लहान मुलांमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही. अभ्यासात मागे पडणं, चिडचिड, एवढंच. डॉक्टर पोटदुखीचं औषध देतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की घरात शिसं ओतलं जातं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर ते आपण होऊन सांगावं आणि रक्तातल्या शिशाची तपासणी मागावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे दर डेसिलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं असतं. त्याखालचं प्रमाण सुरक्षित आहे असाही अर्थ काढू नये, मुलांसाठी सुरक्षित असं प्रमाण ठाऊकच नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. ज्या मुलाच्या अंगात लोह कमी त्याचं शरीर शिसं अधिक ओढून घेतं, म्हणून शाळेत मिळणारी लोहाची गोळी मासेमाराच्या मुलाने चुकवू नये.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मणी जमले तर बंदुकीची गोळीही जमेल, धातू तोच आणि साचाही तसाच. ओतण्याची विद्या सारखी आहे हे खरं, पण तो विषय इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. रानडुकरांच्या त्रासाने कंटाळलेल्या शेतकऱ्यानेही तो मार्ग धरू नये.

न ओतताही जाळं बुडतं

माझं मत विचाराल तर दोन-तीन जाळी असलेल्या घराने शिसं वितळवूच नये. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा विकत मिळतो. त्याच्या बोटभर पट्ट्या कात्रीने कापून घेराच्या दोरीभोवती पकडीने गुंडाळल्या की झालं. आग नाही, मळी नाही, पोकळी नाही, आणि एकाच मापाच्या पट्ट्या कापल्या तर वजनही सारखं. हात मात्र इथेही धुवावेच लागतात. कंडाळीसारख्या उभ्या लावायच्या जाळ्यांना तर इतक्या जड वजनाची गरजही नसते. तिथे भाजलेल्या मातीचे मणी किंवा लोखंडी कड्या चालतात. हडप्पा काळातल्या वस्त्यांमध्येही जाळ्याची मातीची वजनं सापडली आहेत. माती हलकी, म्हणून मणी मोठा करावा लागतो. तळाच्या काटेरी झुडपात तो जास्त अडकतो, हा त्याचा तोटा.

तुटलेले मणी पाण्यात पडू देऊ नयेत. ब्रिटनमध्ये गळाच्या शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरू लागले तेव्हा १९८७ मध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. मराठवाड्याच्या तलावांवर हिवाळ्यात चक्रवाक आणि बदकं उतरतात. तीही पोटात अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतात, आणि खडा कोणता, शिसं कोणतं हे त्यांना कळत नाही. म्हणून हंगामाच्या शेवटी जाळं वाळत घालताना घेराचे मणी मोजावेत, आणि जिथे सैल झालेत तिथे नवा दोरा बांधून घ्यावा.

नवे मणी लावून झाले की जाळं पाण्यात न्यायच्या आधी मोकळ्या मैदानावर एकदा फेकून बघावं. पडलेला घेर वरून पाहा. जिथे दोरी आत ओढली गेलीय तिथे मणी हलके आहेत किंवा अंतर चुकलंय. तेवढेच मणी काढून, काट्यावर ठेवून, बदलावेत.